एका गेंड्यापासून सुरुवात : युरोपच्या जुन्या कलेचा अभ्यास इथे बसून कसा करावा

युरोपीय कलेचा अभ्यास आपल्याकडे बहुतेक जण एकाच पद्धतीनं सुरू करतात. एक जाडजूड इतिहास आणायचा, जोत्तोपासून वाचायला घ्यायचा आणि लिओनार्दोपर्यंत पोचता पोचता दमून जायचं. नावं आणि सनावळ्या पाठ होतात, पण एकही चित्र नीट पाहिलेलं नसतं. माझी दोन वर्षं अशीच गेली. वाट सापडली ती एकाच कागदाशी ठिय्या देऊन बसल्यावर. तो कागद म्हणजे आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकारानं १५१५ मध्ये केलेलं गेंड्याचं वुडकट, म्हणजे लाकडी ठोकळ्यावरून छापलेलं चित्र.

पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या युरोपीय कलेवर ज्यांना निबंध, एम.ए.चा प्रबंध किंवा एखादा चांगला लेख लिहायचा आहे, पण तिकडे जाणं सध्या जमण्यासारखं नाही, त्यांच्यासाठी मी पायऱ्या लिहून काढतोय. उदाहरण सगळीकडे त्या गेंड्याचंच घेतलंय. पद्धत मात्र कुठल्याही मुद्राचित्राला, म्हणजे छापून काढलेल्या चित्राला, लागू पडेल आणि थोड्या फरकानं रंगचित्रालाही.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- एक जाड वही. निरीक्षणं हातानं लिहा.
- मोठ्या पडद्याचा संगणक. मोबाइलवर रेषा दिसत नाहीत.
- पट्टी. चित्राचं खरं माप कागदावर आखून समोर ठेवायचं असतं.
- संदर्भ साठवायला झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर. पहिल्या दिवसापासून वापरा, नंतर शोधाशोध फार होते.
- ग्रंथालयात किंवा संग्रहालयाच्या अभ्यासिकेत जायचं असेल तर ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि मार्गदर्शक किंवा महाविद्यालयाचं शिफारसपत्र. हे पत्र आधीच करून ठेवा, ऐन वेळी सहीसाठी माणूस सापडत नाही.
- ज्या देशाची कला निवडाल तिथल्या भाषेची तोंडओळख. जर्मनसाठी पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे.

## १. एकच वस्तू निवडा

‘रेनेसान्समधली निसर्गदृष्टी’ असा विषय घेऊ नका. तो दहा वर्षांत संपत नाही. एक वस्तू घ्या आणि ती निवडताना दोन गोष्टी तपासा : तिचा मोठ्या आकाराचा फोटो मोफत मिळतो का, आणि तिच्याबद्दल त्या काळातलं काही लिखाण शिल्लक आहे का.

ड्यूररचा गेंडा दोन्ही कसोट्यांवर उतरतो. शिवाय त्याची गोष्ट आपल्या किनाऱ्यावरून सुरू होते. दीवला किल्ला बांधायची परवानगी मागायला पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकर्कनं १५१४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडे वकील पाठवले. दुसऱ्या मुजफ्फरशहानं परवानगी दिली नाही, पण भेटवस्तूंची देवाणघेवाण झाली आणि तीत एक जिवंत गेंडा आला. आल्बुकर्कनं तो पोर्तुगालच्या मानुएल राजाला पाठवायचं ठरवलं. जानेवारी १५१५ मध्ये जहाज गोव्याहून निघालं आणि २० मे रोजी लिस्बनला पोचलं. रोमन काळानंतर युरोपनं पाहिलेला हा पहिला जिवंत गेंडा. पोर्तुगीज त्याला ‘गांडा’ म्हणत. गेंडा म्हणणाऱ्या कानांना यात वेगळं काही सांगावं लागत नाही.

ड्यूरर तेव्हा न्यूरेम्बर्गमध्ये होता. त्यानं हा प्राणी कधीच पाहिला नाही. लिस्बनहून आलेलं कुणाचं तरी रेखाटन आणि सोबतचं वर्णन एवढ्यावर त्यानं आधी शाईनं चित्र काढलं आणि मग वुडकट केलं.

## २. आधी नुसतं पाहा

पहिले दोन दिवस चित्राबद्दल एक ओळही वाचू नका. फोटो पडद्यावर उघडा, वीस मिनिटांचा गजर लावा आणि जे दिसतं ते मराठीत लिहा. मराठीतच, कारण इंग्रजीत लिहायला बसलं की वाचलेली वाक्यं हातातून आपोआप उतरतात. नजर बाजूला राहते.

माझ्या वहीतल्या नोंदी अशा होत्या : प्राणी चौकटीत कोंबून बसवलाय, नाक आणि शेपूट दोन्ही कडेला टेकायला आलेत. अंगावर कातडी नाही, पत्रे आहेत. पत्र्यांच्या कडांना शिवण असावी तशी रेघ. पायांवर मासळीसारखे खवले. मानेच्या मागे, खांद्यावर, एक छोटं पिळाचं शिंग. डोळा लहान आणि थकलेला.

खांद्यावरचं ते शिंग लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. खऱ्या गेंड्याला ते नसतं.

इथे आपल्याला एक सोय आहे, तिचा फायदा घ्या. भारतीय गेंडा आपल्याच देशात आहे. काझीरंगातले फोटो किंवा व्हिडिओ शेजारी उघडा आणि ताडून पाहा. कातडीच्या जाड घड्या खऱ्या आहेत. फऱ्यांवरचे ते रिव्हेटसारखे उंचवटेही खरे आहेत. म्हणजे न पाहता काढलेल्या या चित्रात बरंच काही बरोबर आहे, आणि लिस्बनच्या त्या अनाम रेखाटनकारानं चांगलंच निरखून पाहिलं होतं. ‘ड्यूररनं कल्पनेनं चिलखत चढवलं’ असं सर्रास लिहिलं जातं. ते अर्धंच खरं आहे हे तुम्हाला कुठलंही पुस्तक न उघडता कळेल.

## ३. समोर नेमकी कोणती छाप आहे ते ठरवा

सगळ्यात जास्त चुका या पायरीवर होतात, म्हणून इथे जरा थांबू.

रंगचित्र एक असतं. वुडकटचं तसं नाही. लाकडी ठोकळ्यावर रेषा उंच ठेवून बाकीचं लाकूड कोरून काढतात, त्याला शाई लावतात आणि कागदावर दाबतात. ड्यूररसारखा चित्रकार रेखाटन पुरवायचा, कोरायचं काम बहुधा त्यातला कसबी कारागीर करायचा. एका ठोकळ्यावरून शेकडो छापा निघतात, वर्षानुवर्षं निघतात. ड्यूरर १५२८ मध्ये वारला, पण त्याच्या गेंड्याचा ठोकळा नंतरही शंभर वर्षांच्या आसपास छापला जात होता. एकूण आठ आवृत्त्या निघाल्या असं मानतात.

माझ्या पहिल्या निबंधात मी जो फोटो वापरला होता त्यात गेंड्याच्या पायांतून एक आडवी रेघ जात होती. ती जमिनीची रेघ आहे, प्राण्याला ‘भूमीशी बांधण्यासाठी’ ड्यूररनं ती ओढली आहे, असं मी दीड पान लिहिलं. ती रेघ कुणी ओढलेली नव्हती. ती ठोकळ्याला गेलेली भेग होती. ज्या छापेवर मी अवलंबून होतो ती ड्यूररनंतर कितीतरी वर्षांनी काढलेली होती. दीड पान काढून टाकावं लागलं आणि त्यावर उभा केलेला निष्कर्षही गेला.

ठोकळा पुढे ॲमस्टरडॅमच्या विलेम यान्सेनकडे पोचला. १६२० च्या सुमारास त्यानं मूळ ठोकळ्यासोबत दुसरा रंगाचा ठोकळा वापरून हिरवट छटेच्या छापा काढल्या. तोवर लाकडाला वाळवीसारख्या किड्यांची भोकं पडली होती, चौकटीच्या कडा तुटल्या होत्या आणि पायांतली भेग चांगलीच रुंदावली होती. हिरवा गेंडा दिसला की तो ड्यूररच्या हयातीतला नाही, एवढं पक्कं धरा.

पहिली आवृत्ती ओळखायची खूण आणखी सोपी आहे. चित्राच्या वर जर्मन मजकूर आहे. तो ठोकळ्यात कोरलेला नाही, सुट्या खिळ्यांनी (छपाईच्या टाइपांनी) जुळवलेला आहे, त्यामुळे प्रत्येक आवृत्तीला तो नव्यानं जुळवावा लागे. पहिल्या आवृत्तीत या मजकुराच्या पाचच ओळी आहेत. आधी ओळी मोजा आणि मगच पुढे जा.

प्रत्येक छापेची ओळख तिच्या नोंदणी क्रमांकानं होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या छापेचा क्रमांक १९.७३.१५९ आहे. १९ म्हणजे १९१९ साली संग्रहात आली, ७३ म्हणजे त्या वर्षीची त्र्याहत्तरावी आवक, १५९ म्हणजे त्या आवकेतली एकशे एकोणसाठावी वस्तू. शाईचं मूळ रेखाटन लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. त्याच्या क्रमांकाच्या सुरुवातीची ‘एसएल’ ही अक्षरं सांगतात की ते हॅन्स स्लोनच्या संग्रहातून आलंय, म्हणजे ज्या संग्रहावर १७५३ मध्ये ते संग्रहालयच उभं राहिलं त्यातून. क्रमांक वाचायला शिकलात की वस्तू कुणाच्या हातून कुठे गेली याचा माग लागायला लागतो.

संग्रहालयाच्या यादीतल्या नोंदीत ‘बी. १३६’ असंही दिसेल. व्हिएन्नाच्या आडाम बार्च यानं १८०३ ते १८२१ या काळात मुद्राचित्रांची २१ खंडांची सूची केली, तिच्यातला हा क्रमांक. जुने अभ्यासक चित्राचं नाव न लिहिता नुसता हा आकडा लिहितात. त्याला घाबरू नका. पत्ता आहे तो.

चित्र लाकडी फळीवर रंगवलेलं असेल तर छापेऐवजी फळीचं वय तपासलेलं असतं. ओकच्या लाकडातली वर्षवलयं मोजून ते काढतात. पण मिळतं ते फळीत उरलेल्या शेवटच्या वलयाचं वर्ष. झाड त्याच्यानंतर कधीतरी तोडलं, लाकूड सुकवलं, मग रंगवलं. त्यामुळे चित्र ‘यापूर्वीचं नाही’ एवढंच सिद्ध होतं. ते वर्ष चित्राचं वर्ष म्हणून लिहू नका. इन्फ्रारेड फोटोंत रंगाखालचं रेखाटन दिसतं. त्याचा सराव करायचा तर व्हॅन आइक बंधूंनी रंगवलेल्या गेंटच्या वेदीचित्राचे फोटो ‘क्लोजर टू व्हॅन आइक’ या संकेतस्थळावर मोफत आहेत. रंगातल्या भेगा मोजता येतील इतके जवळून घेतलेत.

## ४. चित्रावरचा मजकूर स्वतः वाचा

अक्षरं टोकदार जर्मन वळणाची आहेत. पहिल्या दिवशी एकही शब्द लागत नाही. मोडी शिकलेल्यांना हा अनुभव माहीत असेल : आधी अक्षर लागत नाही, मग अचानक एक नाव ओळखू येतं आणि त्याच्या आधारानं पुढचं उलगडतं. इथे ‘पोर्तुगाल’, ‘लिस्बन’ आणि ‘इंडिया’ हे तीन शब्द आधी शोधा. लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, तिथे नवखे हमखास अडखळतात.

आता सन वाचा. मजकूर म्हणतो की ख्रिस्तजन्मानंतर १५१३ साली, १ मे रोजी, हा प्राणी लिस्बनला आणला. पण त्याच कागदावर, गेंड्याच्या डोक्याच्या वर, ड्यूररच्या सहीच्या खुणेपाशी ठोकळ्यात १५१५ कोरलंय. एकाच कागदावर दोन सनं! शाईच्या रेखाटनाखालच्या मजकुरातही १५१३ आणि १ मे हेच आहे. म्हणजे चूक छपाईत झालेली नाही, त्याच्याही आधीची आहे.

एवढ्यावरून शिकायचं ते असं की ‘चित्रावरच लिहिलंय’ हा पुरावा असतो, निवाडा नसतो. दुसऱ्या कागदांशी ताडल्याशिवाय कुठलीही तारीख उचलू नका. कॅलेंडरचाही घोळ आहे. फ्लॉरेन्समध्ये वर्ष २५ मार्चला बदलत असे आणि व्हेनिसमध्ये १ मार्चला. तिथल्या कागदावर ‘फेब्रुवारी १५१५’ असेल तर आपल्या हिशेबानं तो १५१६ चा फेब्रुवारी. शक आणि इसवी यांचा मेळ घालायची सवय असलेल्या मराठी अभ्यासकाला हे जड जाऊ नये.

मजकूर पुढे सांगतो की प्राण्याचा रंग ठिपकेदार कासवासारखा आहे, तो हत्तीएवढा पण पायानं आखूड आहे आणि हत्तीचा तो हाडवैरी आहे, शिंग दगडावर घासून हत्तीचं पोट फाडतो. यातला हत्तीचा भाग लिस्बनहून आलेला नाही. तो रोमन लेखक प्लिनीच्या पहिल्या शतकातल्या ग्रंथातून आलाय. पाहिलेलं आणि वाचलेलं एकाच परिच्छेदात शिवलेलं आहे. ती शिवण उसवणं हे तुमचं काम.

## ५. त्याच वेळी इतर काय म्हणत होते ते शोधा

गेंड्याबद्दल त्याच वर्षातली निदान तीन साधनं मिळतात.

लिस्बनमध्ये राहणारा मोराव्हियाचा मुद्रक व्हालेन्तिम फर्नांदिश यानं प्राणी पाहिला आणि न्यूरेम्बर्गच्या व्यापाऱ्यांना पत्र लिहिलं. मूळ पत्र उरलेलं नाही, त्याची इटालियन प्रत फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. दुसरं, रोममध्ये १३ जुलै १५१५ ला जोव्हान्नी जाकोमो पेन्नीनं गेंड्यावर एक छोटी पद्यपुस्तिका छापली, मुखपृष्ठावर ओबडधोबड चित्रासह. जहाज लिस्बनला लागून आठ आठवडेही झाले नव्हते. तिसरं, आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरनं त्याच वर्षी केलेलं वुडकट. त्याची एकच छाप शिल्लक आहे, व्हिएन्नाच्या आल्बेर्तिना संग्रहात.

बुर्कमायरची छाप ड्यूररच्या शेजारी ठेवा आणि पुन्हा वीस मिनिटं बसा. त्याच्या गेंड्याच्या पुढच्या पायांना साखळदंड आहे. खांद्यावर शिंग नाही. पत्रे नाहीत, कातडी कातडीसारखी लोंबते. कैदेतलं जनावर दिसतं. ड्यूररनं दोर-साखळी काढून टाकली आणि प्राण्याला एखाद्या योद्ध्यासारखा उभा केला. प्रसिद्ध झाला तो ड्यूररचा. का झाला, हा खरा प्रबंधाचा प्रश्न आहे. तो अशी दोन चित्रं शेजारी ठेवल्याशिवाय सुचत नाही.

खांद्यावरच्या शिंगाचा उपयोग इथे होतो. ते निसर्गात नाही, त्यामुळे ज्या ज्या चित्रात दिसेल ते चित्र थेट किंवा आडून ड्यूररवरून उतरलंय. कॉनराड गेस्नरच्या १५५१ च्या प्राणिग्रंथात ते आहे. पुढची दोनशे वर्षं ते पुस्तकांत आणि कोरीव कामांत फिरत राहतं. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत एकाच ठिकाणचा चुकीचा पाठ दोन प्रतींत सापडला की त्या एका घराण्यातल्या म्हणून ओळखतात ना, तीच ही रीत. शके १५०६ मध्ये प्रत शुद्ध करताना एकनाथांसमोर जो पाठभेदांचा गुंता होता, तसाच गुंता इथे चित्रांचा आहे. हा धागा मला फार आवडतो. नवख्यानं एवढ्यावरच छोटा निबंध केला तरी तो वाचनीय होईल.

## ६. आता पुस्तकं आणि लेख

एव्हाना तुमच्याकडे स्वतःचे प्रश्न असतील, म्हणून वाचन भराभर होईल. काय कुठे मिळतं :

- मेट्रोपॉलिटन संग्रहालयाची जुनी प्रकाशनं त्यांच्याच संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेचीही.
- हायडेलबर्ग विद्यापीठानं जुनी जर्मन कलाविषयक पुस्तकं स्कॅन करून खुली केली आहेत.
- नेदरलँड्सच्या कलेसाठी हेगच्या आरकेडी संस्थेचा चित्रकोश पाहा. तिथल्या कलेच्या इतिहासकारांची एक मोफत संशोधनपत्रिकाही आहे.
- चित्रविषय ओळखायला लंडनच्या वॉरबर्ग संस्थेचा चित्रकोश आणि प्रिन्स्टनची मध्ययुगीन कलेची सूची. ही सूची १९१७ पासून चालू आहे, पूर्वी वर्गणी लागायची, आता लागत नाही.
- कागदाचं वय काढायला जलचिन्हं, म्हणजे कागद उजेडात धरला की दिसणाऱ्या खुणा, लागतात. ब्रिके यानं १९०७ मध्ये १६,११२ जलचिन्हांच्या नकला छापल्या. तो संग्रह आता ऑनलाइन आहे.

शोधताना नावांचे सापळे सांभाळा. ड्यूररच्या नावातल्या ‘यू’वर दोन टिंबं असतात. कीबोर्डवर ती नसतील तर ‘यूई’ टाइप करा. एकाच चित्रकाराला दोन भाषांत दोन नावं असतात : रोगिएर व्हान डेर वायडेन आणि रोजे द ला पास्त्युर ही एकच व्यक्ती. गेटीच्या कलाकारनामकोशात सगळी रूपं एकत्र मिळतात.

‘अमुकच्या कार्यशाळेतलं’, ‘अमुकच्या अनुयायाचं’, ‘अमुकवरून’ हे तीन शब्दप्रयोग एकच समजू नका. कार्यशाळेतलं म्हणजे गुरूच्या देखरेखीखालचं. अनुयायी कदाचित गुरूला कधी भेटलाही नसेल. ‘वरून’ म्हणजे नक्कल, तीही कितीही नंतरची.

आणि आकडे. ड्यूररच्या हयातीत या वुडकटच्या चार-पाच हजार प्रती विकल्या गेल्या, असं जागोजागी वाचाल. तो आधुनिक अभ्यासकांचा अंदाज आहे, विक्रीची चोपडी कुणाला सापडलेली नाही. लिहायचं तर ‘अंदाज’ म्हणूनच लिहा.

## ७. इथल्या जागा विसरू नका

पडद्यावरचा कागद आणि प्रत्यक्षातला कागद यांत फार फरक आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेली युरोपीय चित्रं आहेत, तिथे रंगाचा थर तिरक्या उजेडात पाहायची सवय लावून घ्या. एशियाटिक सोसायटीकडे दान्तेच्या महाकाव्याचं जुनं हस्तलिखित आहे. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, तिथल्या हस्तिदंती मूर्तींत युरोपातून आलेले नमुने आपल्या कारागिरांनी कसे वळवले ते दिसतं. पर्वरीचं झेवियर इतिहास संशोधन केंद्र पोर्तुगीज साधनांसाठी उपयोगी आहे.

परदेशी संग्रहालयाला ईमेल करायला कचरू नका. तीन ओळी पुरतात : नोंदणी क्रमांक, नेमका प्रश्न, कशासाठी हवंय. ‘मला ड्यूररबद्दल माहिती द्या’ याला उत्तर येत नाही. ‘या छापेवरच्या मजकुराच्या ओळी किती आणि जलचिन्ह नोंदलंय का’ असं विचारलं तर येतं.

## ८. लिहिताना

चित्राखालची ओळ पूर्ण द्या : चित्रकार, वर्णन, सन, तंत्र, माप, संग्रह, नोंदणी क्रमांक, आवृत्ती. माप लिहिताना आधी उंची, मग रुंदी. मेट (मेट्रोपॉलिटन) आणि ॲमस्टरडॅमचं राइक्सम्यूझियम यांच्याकडचे जुन्या कलाकृतींचे बरेचसे फोटो निर्बंधांशिवाय वापरता येतात. ब्रिटिश म्यूझियमच्या फोटोंना बिगर-व्यावसायिक वापराची अट आहे. छापायला देण्याआधी प्रत्येक फोटोची अट वेगळी वाचा.

गेंडा झाला की पुढची वस्तू म्हणून मी ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयातलं एक छोटं रेखाटन सुचवीन. ड्यूररच्या १५११ च्या क्रूसारोहणाच्या ताम्रमुद्राचित्रातला संत योहान, १६०० च्या सुमारास मुघल दरबारातल्या अबुल हसननं उतरवलेला. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. ड्यूररचं मूळ मुद्राचित्र आणि हे रेखाटन शेजारी शेजारी उघडा, गजर लावा आणि सुरुवात योहानाच्या जुळलेल्या हातांपासून करा.